एकरी तीन गुंठ्यांचं भांडण: विश्वरचनाशास्त्रात काय उरलंय, या प्रश्नाला उत्तर

शिरपूरहून बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीनं विचारलं आहे: "सर, मला विश्वरचनाशास्त्रात संशोधन करायचं आहे. पण पुस्तकं वाचली की वाटतं, बिग बँग, कृष्णविवरं, हिग्ज बोसॉन, सगळं सापडून झालंय. आता नेमके कोणते प्रश्न उरलेत? आणि खान्देशात बसून त्यातलं काही करता येईल का? घरचे बी.एड. कर म्हणतात. वडील विचारतात, 'हाई काय कामनं शे?'"

वडिलांचा प्रश्न रास्त आहे, त्याच्याकडे येतोच. आधी तुझा.

सगळं सापडलंय असं वाटतं, कारण पाठ्यपुस्तकात सुटलेले प्रश्नच छापतात. मी पुण्यात पीएच.डी. करत होतो तेव्हा, १९९८ साली, दूरच्या सुपरनोव्हांच्या, म्हणजे स्फोट होऊन संपणाऱ्या ताऱ्यांच्या, मोजमापातून निष्कर्ष आला की विश्वाचं प्रसरण मंदावत नाहीये, त्याचा वेग वाढतोय. तोवर माझ्यासारखे कितीतरी जण आपापल्या गणितात असा वेग वाढवणारी संज्ञा शून्य धरून पुढे जात होते. आज आपण तिला डार्क एनर्जी म्हणतो, आणि विश्वातल्या एकूण ऊर्जेत तिचा वाटा सुमारे ६८ टक्के निघतो. डार्क मॅटर, म्हणजे न दिसणारं द्रव्य, सुमारे २७ टक्के. तू, मी, सातपुडा, सूर्य, सगळ्या आकाशगंगांतले तारे आणि वायू मिळून उरलेले ५ टक्के. म्हणजे जिच्याविना हिशेब लागत नाही अशी दोन तृतीयांश रक्कम आमच्या वहीत नव्हतीच, आणि तरी आम्हाला वाटत होतं की चित्र जवळजवळ पुरं झालंय. त्या शोधाला २०११ चं नोबेल मिळालं. ती रक्कम कशाची आहे, ते आजही कुणाला सांगता येत नाही.

आता कोणते प्रश्न. लोकांना आवडणारे प्रश्न म्हणजे बिग बँगच्या आधी काय होतं, आपल्यासारखी आणखी विश्वं आहेत का. हे प्रश्न खोटे नाहीत, पण वही उघडून बसलीस तर पहिली ओळ काय लिहायची ते त्यांत कळत नाही. मी माझ्या विद्यार्थ्यांना दुसरी जागा दाखवतो. एकच गोष्ट दोन काटेकोर माणसांनी दोन रीतींनी मोजली आणि आकडे जुळले नाहीत, तिथं जाऊन बस म्हणतो. तिथं काम असतं.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. बोरीकाठी आमचं शेत आहे. चुलत्यांशी बांधावरून वाद झाला. मोजणी मागवली. एका मोजणीत आमच्याच शेवटच्या दगडापासून सुरुवात करून, एकेक टप्पा धरत क्षेत्र काढलं. दुसऱ्या वेळी जुना गावनकाशा घेतला, त्यावरचं मूळ माप धरलं आणि आज इथं किती क्षेत्र असायला हवं ते काढलं. दोन्हींत एकरामागं तीन गुंठ्यांचा फरक आला. गावात लगेच दोन तट पडले, कोण कुणाला मिळालंय याची चर्चा सुरू झाली. कुणीच खोटं बोललेलं नव्हतं. नदीच्या पुरानं मातीसकट सुरुवातीचा दगड सरकला होता. तो शोधायला दोन उन्हाळे गेले.

विश्वाच्या बाबतीत आज अगदी हेच चाललंय, आणि फरकही जवळपास तेवढाच आहे. एकरी तीन गुंठे म्हणजे आठेक टक्के.

विश्व प्रसरण पावतंय, तर किती वेगानं? हा आकडा म्हणजे हबलचा स्थिरांक, आम्ही त्याला एच-नॉट म्हणतो. एकक जरा विचित्र आहे: दर मेगापार्सेकला सेकंदाला इतके किलोमीटर. एक मेगापार्सेक म्हणजे सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षं. एच-नॉट ७० असेल तर तेवढ्या अंतरावरची दीर्घिका, म्हणजे आपल्यासारखी दुसरी आकाशगंगा, आपल्यापासून सेकंदाला ७० किलोमीटर वेगानं दूर जाते, दुप्पट अंतरावरची दुप्पट वेगानं.

पहिली रीत टप्प्याटप्प्यानं मोजण्याची. जवळच्या ताऱ्यांची अंतरं पृथ्वीच्या वार्षिक फेरीमुळे दिसणाऱ्या सरकण्यावरून काढायची. त्यावरून सेफाइड नावाच्या रूपविकारी ताऱ्यांची खरी तेजस्विता ठरवायची. हे तारे ठरावीक दिवसांनी तेजाळतात आणि मंदावतात, आणि हा कालावधी जितका मोठा तितका तारा मुळात तेजस्वी. हेन्रिएटा लेव्हिट यांनी १९१२ मध्ये हा नियम मांडला. मग ज्या दीर्घिकांत सेफाइडही दिसतात आणि एक-ए प्रकारचा सुपरनोव्हाही फुटलेला आहे, त्या पकडायच्या आणि सुपरनोव्हाची खरी तेजस्विता ठरवायची. या प्रकारचे सुपरनोव्हा मुळात जवळपास सारखेच तेजस्वी, म्हणून ती कळली की फार दूरचेही वापरता येतात. ॲडम रीस यांच्या गटानं २०२२ मध्ये असे ४२ सुपरनोव्हा वापरून आकडा दिला: ७३.०४, चूक धरून एक मागेपुढे.

दुसरी रीत जुन्या नकाशाची. बिग बँगनंतर सुमारे ३,८०,००० वर्षांनी विश्व पारदर्शक झालं आणि तेव्हा सुटलेला प्रकाश आजही सगळीकडून सूक्ष्मलहरींच्या रूपात येतोय. त्याचं तापमान २.७२५ केल्विन, आणि दिशेगणिक त्यात लाखात एक इतकाच फरक. प्लँक उपग्रहानं त्या फरकांचा नकाशा काढला. तो नकाशा घ्यायचा, आपला आजचा सिद्धांत त्याला लावायचा आणि विचारायचं की हे विश्व आज किती वेगानं प्रसरण पावत असलं पाहिजे. उत्तर येतं ६७.४, चूक अर्धा मागेपुढे. चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीनं जमिनीवरून वेगळ्या उपकरणानं तेच काम केलं, तिथूनही ६८ च्या आसपासच येतं.

इथं एक गोष्ट नीट लक्षात घे, कारण वर्तमानपत्रांत ती हमखास निसटते. ६७.४ हे आजच्या वेगाचं मोजमाप नाही. ते बाल्यावस्थेतल्या विश्वाचं मोजमाप आहे, आणि मधल्या १३.८ अब्ज वर्षांचा हिशेब सिद्धांतानं केलाय. म्हणून हा फरक टिकला, तर शक्यता तीनच उरतात. पहिल्या रीतीतला एखादा टप्पा ढळलाय, दुसऱ्या रीतीतल्या नोंदींत दोष आहे, किंवा मधला हिशेब ज्या सिद्धांतावर केला तोच कुठंतरी अपुरा आहे. या तिसऱ्या शक्यतेपायी जगभरातली माणसं रात्री जागतायत.

पहिल्या शक्यतेची झडती कसून घेतली गेली. दूरच्या दीर्घिकेत सेफाइडच्या आजूबाजूला इतके तारे दाटलेले असतात की शेजाऱ्यांचा उजेड त्याच्यात मिसळून तो उगाच तेजस्वी दिसत असेल, अशी शंका होती. जेम्स वेब दुर्बिणीची नजर आधीच्या हबल दुर्बिणीहून धारदार. रीस यांच्या गटानं तिच्यातून तेच तारे पुन्हा पाहिले आणि ती शंका फेटाळली. पण वेंडी फ्रीडमन यांच्या गटानंही वेबच वापरली, सेफाइडसोबत लाल राक्षसी ताऱ्यांच्या तेजाची कमाल मर्यादा आणि आणखी एक ताऱ्यांचा प्रकार घेतला, आणि त्यांचा आकडा सुमारे ७० येतो. मला स्वतःला या दुसऱ्या गटाचं काम फार मोलाचं वाटतं. तेजस्विता ठरवणारा खुंटा बदलला की उत्तर हलतं का, हाच आमच्या दगडाचा प्रश्न आहे.

सिद्धांत बदलायचा तर कसा? एक सुचवणी अशी की विश्व पारदर्शक होण्याच्या आधी थोड्या काळापुरती डार्क एनर्जीसारखी एक जादा ऊर्जा येऊन गेली. तिच्यामुळे त्या काळातल्या ध्वनिलहरींना धावायला कमी वेळ मिळाला, नकाशावरची मोजपट्टी आखूड झाली, आणि मग ६७ चं ७० च्या वर जातं. गणितात बसतं. पण सूक्ष्मलहरींच्या नव्या निरीक्षणांत तिचा ठोस माग सापडलेला नाही, शिवाय एक ठिगळ लावलं की दीर्घिकांच्या गुच्छांचा हिशेब दुसरीकडे उसवतो. अशा सुचवण्या शेकड्यांनी आहेत. त्या मोडीत काढणं हेही संशोधनच, आणि पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला ते झेपतं.

मी आता ध्वनिलहरी म्हणालो, त्यातूनच दुसरा मोठा प्रश्न निघतो. केळीच्या बागेला पाणी देणाऱ्या शेततळ्यात खडा टाक. गोल लाट पसरत जाते. समज, ती पसरत असताना एका क्षणी सगळं पाणी थिजलं. लाट आहे तिथं कायमची कोरली जाईल. विश्व पारदर्शक झालं तेव्हा असंच झालं. त्याआधीच्या तप्त द्रव्यात लाटा धावत होत्या, त्या थांबल्या, आणि जिथं थांबल्या तिथं किंचित जास्त द्रव्य राहिलं. पुढे तिथं किंचित जास्त दीर्घिका घडल्या. त्या वर्तुळाची त्रिज्या आज ताणून सुमारे ४८ कोटी प्रकाशवर्षं झालीय. म्हणजे आकाशात सगळीकडे, सगळ्या काळांत, एकच ज्ञात लांबीची पट्टी ठेवलेली आहे. वेगवेगळ्या काळात ती केवढी दिसते ते मोजलं की प्रसरणाचा इतिहास हाती येतो.

ॲरिझोनातल्या किट पीकवर चार मीटर व्यासाच्या दुर्बिणीला ५,००० प्रकाशतंतू लावलेत. प्रत्येक तंतू एक छोटा यंत्रमानव आपापल्या दीर्घिकेवर नेमका नेऊन धरतो. हा डेझी प्रकल्प. मार्च २०२५ मध्ये त्यांनी १.४ कोटींहून अधिक दीर्घिका आणि क्वेसारांवरून (दीर्घिकांची फार तेजस्वी केंद्रं) निष्कर्ष मांडले. आजवर आपण धरलंय की डार्क एनर्जीची घनता काळानुसार बदलत नाही, आईन्स्टाईनच्या समीकरणातला तो एक स्थिरांक. डेझीचे आकडे, सूक्ष्मलहरी आणि सुपरनोव्हा एकत्र केले तर झुकाव दिसतो की ती बदलतेय, आणि हल्ली कमजोर होतेय.

झुकाव किती भक्कम? सुपरनोव्हांचा कोणता संग्रह घ्यायचा त्यानुसार २.८ ते ४.२ सिग्मा. आमच्याकडे शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात, म्हणजे निव्वळ योगायोगानं तसं दिसण्याची शक्यता ३५ लाखांत एक. माझं मत विचारशील तर मी अजून थांबलोय. कारण वर दिलंच आहे: संग्रह बदलला की भक्कमपणा बदलतो. खरी गोष्ट विश्वाची असेल तर ती कुणाच्या संग्रहावर अवलंबून राहायला नको. एकट्या डेझीचे आकडे स्थिरांकाशी फटकून वागत नाहीत. आणि मी एकदा घाई केलीय. मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीनं जाहीर केलं की विश्वाच्या पहिल्या क्षणांतल्या गुरुत्वीय लहरींची, म्हणजे खुद्द अवकाशात उठणाऱ्या लहरींची, खूण सापडली. मी दुसऱ्याच दिवशी एम.एस्सी.च्या वर्गात दोन तास त्यावर बोललो, फळाभर समीकरणं लिहिली. वर्षभरात प्लँकच्या आकड्यांसोबत स्पष्ट झालं की ती खूण मुख्यतः आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीची होती. त्याच मुलांना मी पुन्हा बोलावून ते सांगितलं. ती वर्गातली चर्चा पहिल्या दोन तासांपेक्षा चांगली झाली.

डेझीचा झुकाव खरा ठरला तर मात्र फार मोठी गोष्ट होईल, कारण स्थिरांकाचं कोडं मुळातच वाईट अडकलंय. पुंजयांत्रिकीनुसार (क्वांटम मेकॅनिक्स) निर्वात पोकळी रिकामी नसते, तिला ऊर्जा असते. ती किती, याचा साधा हिशेब केला तर निरीक्षणातल्या आकड्याच्या एकावर १२० शून्यं इतक्या पट येतो. भौतिकशास्त्रात एवढी मोठी तफावत दुसरी नाही. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत थनू पद्मनाभन यांनी यावर वर्षानुवर्षं विचार केला. गुरुत्वाकर्षण हेच मुळात उष्णतेसारखं, सूक्ष्म घटकांच्या गर्दीतून वर येणारं असेल, तर हा प्रश्न वेगळ्या रीतीनं मांडता येतो, अशी त्यांची वाट. २०२१ मध्ये ते गेले. त्यांची व्याख्यानं ऐकलेले आम्ही लोक अजून त्या वाटेवरचे खडे उचलतोय.

आता तुझ्या गावाचं. शिरपूरची मुलगी विचारते, इथून काय होणार, म्हणून मुद्दाम सांगतो. पुंजयांत्रिकी आणि सापेक्षतावाद यांची सांगड घालण्याचा जो प्रश्न आहे, त्यातल्या दोन मोठ्या वाटांपैकी एक ज्यांच्या कामातून निघाली ते अभय अष्टेकर १९४९ साली शिरपूरला जन्मले. आईन्स्टाईनची समीकरणं ज्या रूपात आपण शिकतो, त्या रूपात त्यांना पुंजयांत्रिकी लावायला गेलं की गणित हाताबाहेर जातं. अष्टेकरांनी १९८६ मध्ये ती वेगळ्या चलांमध्ये लिहिली. त्या रूपात गुरुत्वाकर्षणाची समीकरणं विद्युतचुंबकत्वाच्या आणि कणभौतिकीच्या समीकरणांची भावंडं दिसू लागली, आणि त्या क्षेत्रात कमावलेली हत्यारं इकडे चालू लागली. त्यातून पुढे लूप क्वांटम ग्रॅव्हिटी उभी राहिली. तिच्यात क्षेत्रफळ हवं तितकं बारीक करता येत नाही, त्याचा एक सर्वांत लहान तुकडा निघतो. साडीचं कापड लांबून सलग दिसतं, जवळ नेलं की धागे, तसं अवकाश.

२००६ मध्ये अष्टेकर, पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांनी हे सोप्या, एकसारख्या विश्वाला लावून पाहिलं. मागे मागे जाताना घनता अनंत होत नाही. एका मर्यादेला पोचल्यावर गुरुत्वाकर्षण जणू ढकलू लागतं, आणि बिग बँगच्या जागी एक उसळी दिसते: आधीचं आकुंचणारं विश्व, मग आपलं प्रसरणारं. तू ज्याला रम्य प्रश्न समजत असशील, बिग बँगच्या आधी काय, त्याला इथं वहीत लिहिण्याजोगं रूप आलं. उरलेला प्रश्न अवघड आहे: त्या उसळीची काही खूण सूक्ष्मलहरींच्या नकाशात, सगळ्यात मोठ्या अंतरांवर, उरली असेल का? अष्टेकरांच्या गटानं तसे प्रस्ताव मांडलेत. माझी अडचण एवढीच की सगळ्यात मोठ्या अंतरांवर आकाशात नमुनेच थोडे मिळतात. विश्व एकच आहे, दुसरं मोजायला आणायचं कुठून. त्यामुळे तिथला थोडा विचित्रपणा योगायोगही असू शकतो.

कृष्णविवरांचा प्रश्नही याच घरातला. हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवलं की कृष्णविवरं हळूहळू बाष्पासारखी विरतात. मग आत पडलेल्या वस्तूंची माहिती जाते कुठं? पुंजयांत्रिकी म्हणते, माहिती नष्ट होत नाही. २०१९ पासूनच्या गणितांतून माहिती बाहेर येते असं जोरकसपणे दिसतंय, ती नेमकी कशी चढून येते ते मात्र अजून कुणी नीट दाखवलेलं नाही. यासाठी गणिताची फार जड तयारी लागते. आवड असेल तर जा, पण नावाच्या मोहानं जाऊ नकोस.

डार्क मॅटरबद्दल थोडक्यात. आकाशगंगा ज्या वेगानं फिरतात, त्या वेगाला दिसणारं द्रव्य पुरत नाही, हे व्हेरा रुबिन यांच्या कामानंतर टाळता येत नाही. अमेरिकेत साउथ डकोटातल्या जुन्या सोन्याच्या खाणीत, सुमारे दीड किलोमीटर खोल, दहा टन द्रव झेनॉन ठेवून लोक वाट पाहतायत की डार्क मॅटरचा एखादा कण येऊन धडकेल. अजून धडकलेला नाही. प्रत्येक वेळी 'इतक्या जोरानं धडकणारा कण नाही' एवढंच कळतं, आणि तेही मोठं ज्ञान आहे, कारण माझ्या विद्यार्थिदशेत ज्या कणांवर सगळ्यांची मदार होती, त्यांची बरीच जागा आता पुसली गेलीय. न्यूट्रिनोंची वस्तुमानं, द्रव्य उरलं आणि प्रतिद्रव्य का नाही, वेब दुर्बिणीला विश्वाच्या पहिल्या ३० कोटी वर्षांतच इतक्या तेजस्वी दीर्घिका कशा दिसल्या, हे प्रश्नही उघडे आहेत. पुन्हा कधी.

महाराष्ट्रातच काय चाललंय ते मात्र तुला ठाऊक हवं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ३० अँटेना आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. पल्सार तारे घड्याळासारखे ठोके देतात, आणि त्या ठोक्यांच्या येण्यात वर्षानुवर्षांच्या कालावधीनं होणारं बारीक मागेपुढे पाहून जून २०२३ मध्ये जगभरातल्या गटांनी फार लांब गुरुत्वीय लहरींचा पुरावा दिला. त्यात युरोपीय गटासोबत जीएमआरटीचे आकडे वापरणारा भारतीय गट होता. त्या लहरी महाकाय कृष्णविवरांच्या जोड्यांच्या, की बाल विश्वाच्या, हे ठरायचंय. आणि हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया हे गुरुत्वीय लहरी टिपणारं केंद्र उभं राहतंय, त्याला केंद्रानं २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींची मंजुरी दिली.

लायगोचा आपल्या बांधाच्या भांडणाशी थेट संबंध आहे. दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले होते, १७ ऑगस्ट २०१७ ला त्याच्या गुरुत्वीय लहरीही आल्या आणि प्रकाशही दिसला. लहरीच्या आकारातून अंतर थेट निघतं. सेफाइड नको, सुपरनोव्हा नको, जुना नकाशाही नको. तिसरा मोजणीवाला, ज्याचं दोन्ही तटांशी काही देणंघेणं नाही. त्या एका घटनेतून एच-नॉट ७० निघाला, पण चूक वर १२, खाली ८. म्हणजे दोन्ही पक्ष त्यात आरामात बसतात. अशा पन्नासेक घटना प्रकाशासकट मिळाल्या तर निकाल लागेल. त्यासाठी लहर आकाशात नेमकी कुठून आली ते कळायला हवं, आणि औंढ्याचं केंद्र चालू झालं की ती जागा कितीतरी बारकाईनं ठरेल.

आता इथं बसून काय करायचं. अगदी ठोस सांगतो.

पँथिऑन-प्लस नावाचा सुपरनोव्हांचा संग्रह आहे: १,५५० सुपरनोव्हांचे १,७०१ प्रकाशवक्र, म्हणजे त्यांचं तेज दिवसांगणिक कसं बदललं त्याच्या नोंदी. २०२२ पासून तो सगळ्यांसाठी मोफत उघडा आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या साध्या संगणकावर पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा चालते, नसेल तर मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडूनही भागतं. फाइल उतरव. आडव्या अक्षावर रेडशिफ्ट, म्हणजे प्रसरणानं प्रकाश किती ताणला गेला ते, उभ्या अक्षावर दृश्य प्रत, म्हणजे तो आपल्याला किती तेजस्वी दिसतो ते. सगळे ठिपके एका सुरेख वक्रावर येऊन बसतात. माझ्या एका विद्यार्थ्यानं हा आलेख पहिल्यांदा पडद्यावर आणला तेव्हा बराच वेळ तो काही बोललाच नाही. प्रत्येक ठिपका म्हणजे एक संपलेला तारा, आणि त्यातला बराचसा उजेड पृथ्वीवर माणूस यायच्या कितीतरी आधी निघालेला.

मग त्या वक्राला सिद्धांत बसव आणि एच-नॉट काढायचा प्रयत्न कर. तो निघणार नाही. एच-नॉट वाढव, सुपरनोव्हाची मूळ प्रत, जिला एम म्हणतात, ती त्या प्रमाणात बदल, वक्र जिथल्या तिथं. तुला वाटेल प्रोग्राम चुकला. चुकलेला नसतो. सुपरनोव्हा एकटे कधीच एच-नॉट सांगत नाहीत. एम कुणीतरी बाहेरून द्यावा लागतो. सेफाइडवाल्यांचा एम उणे १९.२५ घातलास की ७३ येतो. उणे १९.४२ घातलास की ६७.४. जगातलं एवढं गाजलेलं भांडण म्हणजे ०.१७ प्रतीचा फरक आहे, तेजात सुमारे १७ टक्के. हे मी तुला सांगणं वेगळं आणि रात्री अकरा वाजता तुझ्याच पडद्यावर तो वक्र हलत नाही हे तू पाहणं वेगळं. त्यानंतर तू या विषयावरचा कुठलाही शोधनिबंध उघडलास तर पहिला प्रश्न आपोआप विचारशील: यांनी एम कुठून आणला?

हे जमलं की डेझीचे आकडे घे, तेही उघडे आहेत, आणि सुपरनोव्हांचे संग्रह अदलून-बदलून झुकाव किती हलतो ते स्वतः बघ. यासाठी लीनियर अल्जेब्रा, विकलक समीकरणं आणि संख्याशास्त्र पक्कं हवं. आपल्याकडच्या अभ्यासक्रमात संख्याशास्त्र फार कमी आहे. ते स्वतः शीक. या विषयातले निम्मे वाद चूक किती धरायची यावरचेच असतात.

इथं बसून काय करू नये तेही सांगतो. एकटीनं, कुणाशी न बोलता नवा सिद्धांत रचू नकोस. मला तशी पत्रं सतत येतात, त्यातली माणसं हुशार असतात, मनापासून खपलेली असतात, पण त्यांना कुणी वेळेवर 'हा आकडा कुठून आला' असं विचारलेलं नसतं. विचारणारी माणसं मिळवायची म्हणून संस्थेत जायचं. जॅम आणि जेस्ट या प्रवेशपरीक्षा दे. आयुका आणि पुण्यातलंच रेडिओ खगोलशास्त्राचं केंद्र एनसीआरए उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी बोलावतात, तिथं अर्ज कर. जयंत नारळीकरांनी पुण्यात आयुका उभी केली ती विद्यापीठांतल्या आणि कॉलेजांतल्या लोकांना दार उघडं असावं म्हणूनच. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले. बिग बँग त्यांना कधीच पटला नाही, आणि तरी, किंबहुना म्हणूनच, आपल्या पर्यायी सिद्धांतातून कोणती निरीक्षणं यायला हवीत ते ते नेहमी आधी लिहून ठेवत. मतभेद कसा करावा हे मी त्यांच्याकडे पाहून शिकलो.

खान्देश या विषयापासून लांब आहे असं मला कधी वाटलं नाही. चाळीसगावजवळ पाटणला तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला, आणि त्याला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे. ग्रहगणित शिकवायला खर्च येतो, आणि तो कुणीतरी द्यावा लागतो, हे आपल्या डोंगरात आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरून ठेवलंय.

म्हणून वडिलांचं उत्तर. त्यांना खर्चाचंच आधी सांग. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं मिळतं, पीएच.डी. करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत. संशोधनात कायमची जागा मिळणं अवघड आहे, हेही त्यांच्यापासून लपवू नकोस. माझ्या ओळखीतले निम्म्याहून जास्त जण पीएच.डी.नंतर आकडेमोडीच्या दुसऱ्या नोकऱ्यांत गेले, बरे राहिले. बी.एड. कधीही करता येतं, त्याला वय आडवं येत नाही. जॅमची तयारी मात्र या वर्षीच करावी लागेल. आणि 'कामनं' काय, असं त्यांनी पुन्हा विचारलं तर त्यांना घेऊन बस, संगणकावर तो आलेख काढ, आणि आमच्या बांधाची गोष्ट सांग. मोजणी, दगड, एकरी तीन गुंठे, हे त्यांना तुझ्यापेक्षा लवकर समजेल.

पुढच्या वेळी लिहिशील तेव्हा आलेख सोबत पाठव. कोपऱ्यात एम किती धरला आणि का, तेही लिही.